विहीर माझी, पाणी कोणाचे?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मध्यमवर्गीय घरात एक विक्री ठरलेली असते. माळ्यावरची रद्दी खाली उतरते, दारात तराजू येतो आणि वर्षभराचे जागतिक राजकारण किलोच्या भावाने गोणीत जाते. या व्यवहारात दोन्ही पक्ष जन्माचे संशयी. गृहिणीला तराजूचा संशय, रद्दीवाल्याला गठ्ठ्याच्या पोटातल्या ओल्या पुठ्ठ्यांचा. पण वाचकहो, एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. गठ्ठा तराजूत पडण्यापूर्वी घरातले कोणीतरी तो एकदा चाळून काढते. बँकेचे जुने पासबुक, डॉक्टरांची चिठ्ठी, कोणाची तरी जन्मपत्रिका, मावशीचे चार ओळींचे पत्र, हे सारे बाजूला निघते. त्याचे वजन केले तर दोन रुपये यायचे नाहीत. तरी ते रद्दीत घालायचे नाही, हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही.

आता बाजारात असे एक गिऱ्हाईक आले आहे, की त्याला वर्तमानपत्रे नकोत. आपण बाजूला काढतो नेमके तेच हवे आहे. मोबाइलवर तुम्ही काय शोधले, कोणत्या पानावर किती वेळ रेंगाळलात, रात्री दीड वाजता कोणत्या आजाराची चौकशी केलीत, कोणत्या स्थळाची माहिती काढलीत, हप्ता थकला तर बँक काय करते हे किती वेळा वाचलेत, एवढ्याचीच त्याला गरज. आजवर हे गिऱ्हाईक पैसे न देताच माल उचलत होते. आता काही जण रोख मोजायलाही तयार झाले आहेत. म्हणून यंदा या पानासाठी मी हाच विषय घेतला : मोबाइलवरच्या आपल्या भटकंतीची वही कोणी पैसे देऊन मागितली, तर ती विकावी का?

मी पडलो मराठीचा मास्तर. प्रश्न आला की आधी शब्दाकडे पाहायची खोड. इंग्रजी ‘डेटा’साठी आमच्या जाणकारांनी ‘विदा’ असा सुटसुटीत शब्द केला, आणि तो परिभाषेच्या पुस्तकांत सुखाने नांदतो आहे. विरार लोकलमध्ये मात्र ‘डेटा’च चालतो, आणि तोही निराळ्या अर्थाने. ‘माझा डेटा संपला’ म्हणजे आजच्या वाट्याचा दीड जीबी भाईंदरची खाडी येईपर्यंत क्रिकेट पाहून संपवला! म्हणजे पाहा, जो आपण पैसे देऊन घेतो तोही डेटा, आणि जो आपल्याकडून निघून जातो तोही डेटाच. पहिल्याचा हिशेब कंपनी संदेश पाठवून देते. इतका वापरला, इतका उरला. दुसऱ्याचा हिशेब कोणी देत नाही. घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंना आपण एकच नाव दिले, आणि मग जाणारी वस्तू कोणाच्या लक्षातच येईना.

लोक ही वही विकतील का, हा प्रश्न काही मी काढलेला नाही. २०१३ साली स्पेनमध्ये तेलेफोनिका या टेलिफोन कंपनीच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ माणसांना लिलावाच्या पद्धतीने हेच विचारले होते. इंटरनेटवरच्या आपल्या हिंडण्याफिरण्याच्या नोंदीची किंमत त्यांनी साधारण ७ युरो लावली. मॅकडोनाल्डच्या दुकानात एका बिग मॅकचे जेवण त्याच पैशांत होते, असे त्या संशोधकांनीच म्हणून ठेवले आहे. गंमत अशी, की वय आणि पत्ता यांसारख्या माहितीला त्याच माणसांनी सुमारे २५ युरो मागितले. पत्ता तर आपल्या दूधवाल्यालाही ठाऊक असतो. त्याला भाव जास्त, आणि मनात काय चालले आहे ते सांगणाऱ्या नोंदीला कमी! माणसाला जे डोळ्यांना दिसते त्याचाच भाव कळतो, हेच खरे.

स्पेनचे राहू द्या. २०१६ पासून फेसबुकने ‘फेसबुक रिसर्च’ नावाचे एक ॲप लोकांच्या मोबाइलमध्ये बसवायला सुरुवात केली. वयाची अट १३ ते ३५. अमेरिकेत त्याचे महिन्याला २० डॉलरपर्यंत मिळत. बदल्यात मोबाइलमधली जवळजवळ सारी वाहतूक कंपनीच्या नजरेखालून जायची. काहींकडे तर ॲमेझॉनवर केलेल्या खरेदीच्या यादीचे चित्रही मागितले गेले. २०१९ च्या जानेवारीत टेकक्रंच या वृत्तस्थळाने हे उघड केले आणि गदारोळ झाला. पुढे कंपनीने अमेरिकेतल्या एका सिनेटरच्या कार्यालयाला आकडा कळवला तो असा : एकूण सुमारे १ लाख ८७ हजार माणसे, त्यांपैकी अमेरिकेतली ३१ हजार. बाकीची कुठली म्हणता? भारतातली. तेव्हा ‘आपली माणसे विकतील का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. दीड लाखावर आपल्या बांधवांनी विकूनही झाले आहे.

असेच कुठलेसे एक ॲप यंदा माझ्या वर्गात हिंडत होते. मोबाइलमध्ये ठेवा, नेहमीसारखा मोबाइल वापरा, महिन्याला पाचशे रुपये घ्या. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा निबंधाचा तास होता. मी म्हटले, आयताच विषय मिळाला. विचारले, “किती जण घेतील पाचशे?” निम्म्याहून जास्त हात वर झाले.

एक मुलगा रात्री वालीवकडच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करतो. तो म्हणाला, “सर, माझ्या मोबाइलमध्ये आहे काय? क्रिकेट, गाणी आणि गाड्यांचं टाइमटेबल. ते बघायला कोणी पाचशे देत असेल, तर फसवणूक त्याची आहे, माझी नाही.” वर्ग हसला. मीही हसलो. त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “फुकट तर सगळेच नेतात, सर. हा निदान विचारतो तरी, आणि पैसेही देतो. मग वाईट कोण?”

वाचकहो, हा मुद्दा वाटेवर टाकण्यासारखा नाही. पाचशे रुपये म्हणजे आमच्या मुलांना लोकलचा पास काढून वर चार पैसे उरण्याइतकी रक्कम. महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार जमा होतो, त्याने पास काढायची विवंचना असलेल्या पोरीला नीतिमत्तेवर व्याख्यान देणे शोभत नाही. शिवाय तर्क म्हणून पाहिले तरी तिचे म्हणणे चोख आहे. चोर आणि गिऱ्हाईक यांत गिऱ्हाईक केव्हाही बरे.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मराठीच्या तासाला भागाकार झाला, ही गोष्ट कृपा करून आमच्या प्राचार्यांच्या कानावर घालू नका. फेसबुकची मालक कंपनी मेटा. तिने जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुक वापरणाऱ्या दर माणसामागे अमेरिका-कॅनडात सुमारे ६८ डॉलर कमाई झाली, आणि आशिया-पॅसिफिक म्हणून जो आपला भाग, तेथे साडेपाच डॉलर. तीन महिन्यांचे साडेपाच डॉलर म्हणजे साधारण साडेचारशे रुपये, महिन्याचे दीडशे. ही कंपनीची कमाई झाली, नफा नव्हे. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीला धर्मबुद्धी सुचली, आणि तिने तुमच्यावर मिळवलेला पैसा पैशासकट तुम्हालाच वाटून टाकला, तरी हातात पडणार महिन्याला दीडशे. या धंद्यात कोट्यवधी माणसांचा ढीग केला तरच श्रीमंती आहे. सुटा माणूस स्वस्तच.

मी मुलांना म्हटले, “मग जो मनुष्य दीडशेच्या मालाला पाचशे देऊ करतो, तो काय दानशूर कर्ण आहे? की त्याला दीडशेपेक्षा जास्त काहीतरी मिळते आहे?”

वर्ग थोडा गप्प झाला. तेव्हा मागच्या बाकावरून, जी मुलगी एरवी हजेरीपुरतीच बोलते, ती उठली. म्हणाली, “सर, मोबाइल माझा एकटीचा नाही. घरात एकच आहे. दिवसा मी आणते, संध्याकाळी भाऊ घेतो, रात्री आई बघते. मी माझं विकीन. पण आईचं कसं विकू?”

तिची आई रात्री काय पाहते ते मी विचारले नाही. तो अधिकार मला नाही. तो त्या पाचशे रुपयेवाल्यालाही कसा पोचतो, एवढेच मला आज तुम्हाला विचारायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी माणशी एक मोबाइल आहे. माझ्याही घरी आहे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी आपल्या गुडघ्यांसाठी काहीतरी शोधले, आणि दोन दिवसांत तेलाच्या, पट्ट्यांच्या आणि योगासनांच्या जाहिराती सौभाग्यवतींच्या मोबाइलवर येऊ लागल्या. वायफाय एकच ना! वडील रेल्वेत आयुष्य काढलेले. म्हणाले, “पूर्वी आमच्या ऑफिसात एकाला बढती मिळाली, की साऱ्या डब्याला कळायची. आता गुडघेसुद्धा कळायला लागले.” मोबाइल चार असले तरी घर एकच असते. सून बाळंतपणाचे वाचते, सासरे गुडघ्याचे, मुलगा कर्जाचे. यांतल्या एकानेच आपली वही विकली, तरी घेणाऱ्याला चौघांची कुंडली मांडता येते. फेसबुकच्या त्या ॲपचेही असेच होते. तज्ज्ञांच्या मते त्याला खासगी संदेशांपर्यंत पोचता येत होते. संदेश म्हटला की त्याला दोन टोके आली. एका टोकाच्या माणसाला महिन्याचे पैसे मिळाले; दुसऱ्या टोकाच्या मित्राला दमडी नाही, आणि विचारलेही नाही.

आमच्या वसईकरांना हे समजावून सांगायला कॉम्प्युटर लागत नाही. विहीर पुरते.

जुन्या वसईत वाडीगणिक विहीर होती आणि जागोजागी बावखले होती. बावखल म्हणजे वाडीतले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, मुरायचे, आणि त्यावर रहाट फिरून केळी, फुले, भाजी, पानवेली पिकायच्या. पुढे १९८० नंतर नालासोपारा-विरारकडे इमारती उठल्या. माणसे राहायला आली, नळ काही आले नाहीत. मग बागायतीच्या विहिरींना पंप लागले आणि दारात टँकर उभे राहिले. आमच्या शेजारचे एक वृद्ध बागायतदार काका ते दिवस सांगतात. “टँकरवाला रोख पैसे द्यायचा. केळीचा घड नऊ-दहा महिन्यांनी पैसा देतो, पाणी रोज देतं. ज्यानं विकलं त्याला मी नावं ठेवत नाही. विहीर त्याची होती, त्याच्या बापानं खणलेली. पण सर, त्याचा पंप चालू झाला की पाणी माझ्या विहिरीचं उतरायचं!”

विहिरी एकेकट्या दिसतात त्या वरून. खाली झरा एकच असतो. वरच्या कठड्याचे मालक निरनिराळे, खालच्या पाण्याला कुंपण नाही. त्यात आमची वसई समुद्राकाठची. गोडे पाणी उपसले की त्या जागी खारे सरकते, आणि ते पाणी विकणाऱ्याची आणि न विकणाऱ्याची विहीर वेगळी ओळखत नाही. १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. बिल्डरांबरोबर टँकरचा प्रश्नही त्या वेळी ऐरणीवर आला. (हेच फादर पुढे धाराशिवच्या २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत ते गेले.) कायद्याची जुनी समजूत अशी, की जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यापुरता तरी निराळा कायदा केला, आणि सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी घातली. म्हणजे माझ्या मालकीच्या जागेत मी काय करतो याचा संबंध शेजाऱ्याच्या घागरीशी आहे, हे सरकारी कागदावर उतरायला इतकी वर्षे गेली.

मोबाइलची वही ही अशीच विहीर आहे. कठडा माझा, पाणी घरच्यांचे, मित्रांचे, आळीचे, जातीपातीचे, साऱ्यांचे मिळून. माझ्यासारखी शंभर माणसे काय करतात हे घेणाऱ्याला एकदा कळले, की एकशेएकावा माणूस काही न विकताही त्याच्या वहीत उमटतो. वसईत राहणारा, पंचेचाळिशीचा, मास्तरकी करणारा, घरात म्हातारे वडील, डोक्यावर घरकर्ज. मी तोंडही न उघडता त्याला माझ्या गुडघ्यांचा अंदाज बांधता येतो.

सही एकाची आणि परिणाम साऱ्यांवर, याचा एक मोठा दाखला तर आमच्या गावाच्या नावानेच इतिहासात बसला आहे. १८०२ सालची ऐन दिवाळी. २५ ऑक्टोबरला पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला, वसईला आला, आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची सहा हजारांची फौज पदरी घ्यायची, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि त्यांना विचारल्याशिवाय बाहेर कोणाशी व्यवहार करायचा नाही. बाजीराव काही अडाणी नव्हता. अटी त्याला कळत होत्या. त्याला त्या घटकेला पुण्याची गादी हवी होती, आणि ती १८०३ च्या मे महिन्यात मिळालीही. पण त्या सहीची किंमत एकट्या पेशव्याने भरली नाही. ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्या शिंदे-भोसल्यांना त्याच वर्षी इंग्रजांशी लढावे लागले. ‘मला मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवताना वसईच्या माणसाने तरी हा तह आठवावा.

यावर एक उत्तर ठरलेले असते : “आम्ही नावे काढून टाकतो.” २०१६ साली जर्मनीत एका पत्रकार बाईंनी आणि त्यांच्या एका विदातज्ज्ञ सहकाऱ्याने याचीच परीक्षा पाहिली. खोटी कंपनी काढली, आणि सुमारे ३० लाख जर्मनांच्या इंटरनेटवरच्या वाटचालीची नोंद नुसता नमुना म्हणून फुकटात मिळवली. ब्राउझरला लोक ज्या लहानसहान सोयी जोडून घेतात, त्यांतून ती गोळा झालेली होती. नावे अर्थातच नव्हती. पण चार पाने एकमेकांना जुळवली की माणूस सापडत होता. त्यात एका न्यायाधीशांच्या चारचौघांत न सांगण्याजोग्या आवडी निघाल्या, आणि एका लोकप्रतिनिधीची औषधे. नाव काढले तरी चाल राहतेच. गल्लीच्या तोंडाशी पाठमोरा माणूस दिसला, तरी आपण चालीवरून ओळखत नाही का?

कायदा काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुंबईकरांना दंगलींच्या चौकशीमुळे ठाऊक असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली आपला अहवाल दिला. माहिती घेणाऱ्या कंपनीला त्यात मालक किंवा गिऱ्हाईक म्हटलेले नाही. ‘फिड्युशिअरी’ म्हटले आहे. फिड्युशिअरी म्हणजे ज्याच्या भरवशावर ठेव सोपवली, तो. २०२३ च्या कायद्यातही हाच शब्द कायम राहिला. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतात ती विकत देत नाहीत. विश्वासाने देतात, आणि परत मागता येते. या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरती दिलेली हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची खात्रीशीर संमती हवी. आणि मराठीच्या मास्तराला आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे, संमतीची सूचना मागितल्यास घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळाली पाहिजे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि बहुतेक बंधनांच्या तयारीसाठी कंपन्यांना त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली. आमच्या नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारकाला, सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा लोकांना कळेल अशा प्राकृतात दगडावर कोरून ठेवल्या होत्या. त्यांचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला. लोकांना बांधणारी गोष्ट लोकांच्या भाषेत सांगावी, हे शहाणपण या भूमीत बावीसशे वर्षांचे आहे.

तरी कायद्याचे एक टोक मोकळे राहतेच. त्याच्या डोळ्यांपुढे संमती देणारा एक माणूस आणि त्याचा एक मोबाइल आहे. एकाच काचेवर आई, मुलगा आणि मुलगी अशी तीन बोटे फिरतात, तेव्हा ‘मान्य’वर ठेवलेले बोट कोणाचे, हे त्या यंत्राला कळत नाही. ते घरात ठरावे लागेल.

मग गरजूने मोबाइलवर चार पैसे मिळवूच नयेत काय? असे मी म्हणणार नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडे आमले नावाचे आदिवासी गाव आहे. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथे एक प्रयोग केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. हाताने लिहिलेले देवनागरी शब्द मोबाइलवर टंकून द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. अशा गावांतल्या माणसांनी ते काम ९६.७ टक्के अचूक करून दाखवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात खेड्यातल्या आणि शहरातल्या अल्प उत्पन्नाच्या माणसांनी आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मराठी वाक्ये वाचून दाखवली. ३६ जणांचा मिळून १०९ तासांचा आवाज जमला, आणि गरिबांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे ठरले. हाही डेटाच. पण येथे माणूस आपले श्रम विकतो. वाक्य समोर असते, ते वाचायचे की नाही हे तो ठरवतो, वाचून झाले की काम संपते आणि मजुरी हातात पडते. त्या वाचनात त्याच्या आईचे दुखणे जात नाही, भावाचे कर्ज जात नाही. अंगणातले फूल विकणे वेगळे आणि घराच्या खिडकीचे भाडे घेणे वेगळे. खिडकीतून सगळेच दिसते. भाडे मात्र एकालाच मिळते.

तेव्हा माझे उत्तर सरळ आहे. आपले काम विकावे, रास्त भावाने विकावे, त्यात कमीपणा नाही. मात्र आपल्या राहण्याजगण्याची सबंध नोंद विकू नये. ती स्वस्तात जाते म्हणून नव्हे, ती आपल्या एकट्याची नाही म्हणून. आणि विकायचीच पाळी आली, तर सातबाऱ्यावर चार नावे असताना चौघांच्या सह्या लागतात, तशा येथेही घ्याव्यात. या दिवाळीत फराळाला सारे घर एकत्र बसेल, तेव्हा पाच मिनिटे मोबाइलही मध्ये ठेवा. कोणत्या ॲपला कशाकशाची परवानगी दिली आहे, हे एकेकाचे पाहा. ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही, ती परवानगी काढून घ्या. चकली थंड होण्याच्या आत हे काम होते.

निबंधाच्या पुढच्या तासाला मी त्या मागच्या बाकावरच्या मुलीला विचारले, “मग काय ठरलं?” म्हणाली, “आईला विचारलं, सर. आई दोन घरची कामं करते. ती म्हणाली, ‘काय काय बघणार ते?’ मी म्हटलं, ‘सगळंच.’ तर म्हणाली, ‘पाचशे रुपयांत मी एका घरची भांडीसुद्धा घासत नाही. त्यांना म्हणावं, दुसरं घर बघा.’”

तिने निबंध दीड पानाचाच लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. पण विषय तिला माझ्याआधी कळला होता, म्हणून वर्गातले सर्वांत जास्त गुण तिला दिले आहेत.